बेसिकमधील स्वनिर्मित डेटा टाइप आणि लूप

बेसिक ही संगणकाची भाषा अमेरिकेतील डार्टमाउथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी १९६४ मध्ये तयार केली. विज्ञान शाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक हाताळता यावा, हा त्यामागील हेतू होता. मात्र एकाच व्यक्तीविषयीची निरनिराळ्या प्रकारची माहिती एकत्र बांधण्याची सोय मूळ भाषेत नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या क्विकबेसिकच्या १९८७ मधील ४.० आवृत्तीत 'टाइप' या विधानाने ती सोय झाली. १९९१ मध्ये डॉस ५.० बरोबर आलेल्या क्यूबेसिकमध्येही ती होती. पुढील विवेचन क्यूबेसिकला धरून आहे. यातील आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकित करावयाच्या असतात.

गरज कशासाठी?

४० विद्यार्थ्यांचा निकाल तयार करावयाचा आहे, असे समजू. नवशिका प्रोग्रामर बहुधा नावांचा एक, हजेरी क्रमांकांचा दुसरा आणि एकूण गुणांचा तिसरा असे तीन ॲरे करतो. गुणानुक्रमे यादी लावताना या तिन्ही ॲरेंमध्ये एकाच वेळी अदलाबदल करावी लागते. त्यातील एक जरी विसरली, तरी एकाचे गुण दुसऱ्याच्या नावापुढे जातात. संगणक कोणतीही चूक दाखवीत नाही. निकाल मात्र खोटा ठरतो.

रचना

यावर उपाय म्हणजे स्वतःचा डेटा टाइप घडविणे.

टाइप विद्यार्थी
नाव ॲज स्ट्रिंग * २०
क्रमांक ॲज इंटिजर
एकूण ॲज इंटिजर
एंड टाइप

स्ट्रिंगची लांबी येथे आधीच ठरवून द्यावी लागते. नावाला २० आणि प्रत्येक इंटिजरला २ असे एका नोंदीस २४ बाइट लागतात. 'टाइप' हा केवळ साचा होय. प्रत्यक्ष जागा 'डिम वर्ग(१ टू ४०) ॲज विद्यार्थी' या विधानाने मिळते. ४० नोंदींना ९६० बाइट पुरतात.

लूप फिरतो कशावरून?

फॉर आय = १ टू ४०
प्रिंट वर्ग(आय).नाव, वर्ग(आय).एकूण
नेक्स्ट आय

कंसातील आकडा नोंद निवडतो आणि टिंबापुढील शब्द त्या नोंदीतील रकाना निवडतो. लूप नोंदींवरून फिरतो, रकान्यांवरून नव्हे. रकान्याचे नाव चलात साठवून टिंबापुढे तो चल लिहिता येत नाही. नवशिक्यांचा गोंधळ होतो तो नेमका येथे.

यादी लावताना 'स्वॅप वर्ग(आय), वर्ग(जे)' एवढी एकच आज्ञा पुरते. संपूर्ण नोंद जागा बदलते. नाव आणि गुण यांची ताटातूट होत नाही.

सहा विषयांचे गुण वेगवेगळे हवे असतील तर अडचण येते, कारण क्यूबेसिकमध्ये टाइपच्या आत ॲरे ठेवता येत नाही. अशा वेळी 'गुण(१ टू ४०, १ टू ६)' हा स्वतंत्र ॲरे करावा आणि आतील लूपमध्ये 'गुण(वर्ग(आय).क्रमांक, जे)' असे लिहावे. नोंदीची जागा बदलली तरी हजेरी क्रमांक तिच्याबरोबरच जातो. त्यामुळे ज्याचे गुण त्यालाच मिळतात.

नेहमीच्या चुका

ॲरेच्या मर्यादेबाहेरचा आकडा आल्यास 'सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज' हा संदेश येतो. तो टाळण्यासाठी ४० हा आकडा लिहिण्याऐवजी 'यूबाउंड(वर्ग)' वापरणे इष्ट.

ठरावीक लांबीच्या स्ट्रिंगमध्ये उरलेली जागा रिकाम्या अक्षरांनी भरली जाते. त्यामुळे 'गणेश' या नावाची थेट तुलना जुळत नाही. आधी 'आरट्रिम' ही आज्ञा वापरून शेवटची रिकामी अक्षरे काढावीत.

तिसरी चूक बेरजेची. इंटिजरमध्ये ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. ६०० पैकी गुण असलेल्या ६० जणांच्या वर्गाची बेरीज ३६,००० पर्यंत जाऊ शकते. म्हणून बेरजेचा चल 'लाँग' प्रकारचा घ्यावा.

पुढील भाषांत

१९९८ मधील व्हिज्युअल बेसिक ६.० मध्ये टाइपच्या आत ॲरे चालतो. परंतु 'फॉर ईच' हा लूप स्वनिर्मित टाइपच्या ॲरेवर तेथे चालत नाही, आकड्यानेच फिरावे लागते. २००२ मधील व्हिज्युअल बेसिक डॉट नेटमध्ये 'टाइप'ची जागा 'स्ट्रक्चर'ने घेतली. आजच्या संगणकावर जुना क्यूबेसिक प्रोग्राम चालवून पाहावयाचा असल्यास क्यूबी६४ हे सॉफ्टवेअर उपयोगी पडते.

शब्द बदलले तरी मूळ नियम तोच राहिला आहे. जी माहिती एका व्यक्तीची, ती एका नोंदीत ठेवावी आणि लूप नोंदींवरून फिरवावा.