एका किलो डाळीसाठी किती ज्वारी?

आजचा भाग अर्थशास्त्राच्या इतिहासातला, पण उदाहरण आपल्या जिंतूरकडच्या ताटातलं: ज्वारी आणि तूरडाळ.

एकोणिसाव्या शतकातल्या अर्थतज्ज्ञांना वाटायचं की समाधान आकड्यात मोजता येईल. एजवर्थने तर 1881 मध्ये सुख मोजणाऱ्या यंत्राची कल्पनाच मांडली. पुढे पारेटो म्हणाला, आकडा कशाला? काय जास्त आवडतं, काय कमी, एवढा क्रम पुरे. आणि 1934 मध्ये हिक्स आणि ॲलन यांनी 'इकॉनॉमिका' या नियतकालिकात सीमांत पर्यायता दर ही कल्पना त्या नावानिशी मांडली. म्हणजे काय, तर समाधान तेवढंच ठेवून थोड्या डाळीसाठी माणूस किती ज्वारी सोडेल.

तो काढायचा कसा? समजा, एका घरात 12 किलो ज्वारी, 3 किलो डाळ आहे आणि उपयोगिता = ज्वारी × डाळ. ज्वारी स्थिर ठेवून डाळीचं विकलन केलं की डाळीची सीमांत उपयोगिता येते 12. उलट केलं की ज्वारीची येते 3. भागाकार 4. म्हणजे 100 ग्रॅम डाळीसाठी हे घर जवळपास 400 ग्रॅम ज्वारी सोडेल. डाळ वाढत गेली की हा दर उतरतो.

आता गंमत बघा. त्याच उपयोगितेचा वर्ग करा. 36 चे 1296 झाले, सीमांत उपयोगिता 864 आणि 216 झाल्या. भागाकार? पुन्हा 4! समाधानाचा आकडा कितीही फुगवा, क्रम तोच असेल तर दर हलत नाही. म्हणूनच आकडा गेला आणि दर टिकला.

हे नुसतं गणित नाही. ज्वारी आणि तूरडाळीत किलोमागे कॅलरी जवळपास सारख्याच. फक्त कॅलरी मोजल्या तर दर कायम 1 च्या आसपास, मग स्वस्त असेल तेवढंच खा! अमेरिकेत स्टिगलरने 1945 मध्ये पोषणाच्या गरजा भागवणारा सर्वांत स्वस्त आहार शोधला, त्यात उरलं पीठ, आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि वाळलेले घेवड्याचे दाणे. असं ताट कोण रोज खाईल?

पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 च्या 'भारतातील दारिद्र्य' या अभ्यासात वेगळी वाट धरली. निकष 2250 कॅलरींचाच. पण लोक प्रत्यक्षात जे खातात, ते खाऊन तेवढ्या कॅलरी किती खर्चाला मिळतात, हे त्यांनी पाहिलं. 1960-61 च्या किमतींना उत्तर आलं, खेड्यात माणशी महिना 15 रुपये आणि शहरात साडेबावीस. स्वस्त ज्वारी सोडून थोडी डाळ घेणाऱ्या गरिबाची निवडही त्या रेषेत धरली गेली.

गरिबाला किती लागतं हे ठरवताना त्याचा स्वतःचा दर विचारायचा की आपला लादायचा, हा प्रश्न रेशनच्या प्रत्येक चर्चेत आजही आहेच. भेटू पुढच्या भागात.