बोटाखालचा पाच

बटणांच्या फोनवर 5 या आकड्याला एक बारीकसा उंचवटा असायचा. डोळसांच्या तो लक्षातही येत नसे. अंध माणसाचं बोट मात्र तिथूनच उरलेल्या नऊ आकड्यांची दिशा धरायचं. पुढे टचस्क्रीन आली, पेणच्या बाजारापासून रोह्याच्या स्टेशनापर्यंत जो तो गुळगुळीत काचेवर बोट फिरवू लागला, आणि तो उंचवटा गेला.

तो परत आणणाऱ्यांपैकी एक पुण्यात वाढलेले टी. व्ही. रामन. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुण्यात गणित आणि आयआयटी मुंबईत संगणकशास्त्र शिकून ते अमेरिकेत कॉर्नेलला गेले. गणिताची समीकरणं ऐकून समजावीत अशी प्रणाली रचून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. 2005 मध्ये ते गूगलमध्ये आले. तिथे सहकारी चार्ल्स चेन यांच्यासोबत त्यांनी अँड्रॉइडसाठी नंबर लावायचा एक डायलर केला. त्यातली युक्ती मला अजून थक्क करते. काचेवर 5 शोधायचाच नाही. बोट पहिल्यांदा टेकेल तिथेच 5. तिथून वर सरकलं की 2, खाली 8, डावीकडे 4. बोट उचललं की आकडा लागला. चुकला तर फोन हलवायचा, पुसला जातो. बोटाच्या सोयीने पडद्यानेच आपली मांडणी बदलावी, हे ज्याला रोज चाचपत काम करावं लागतं त्यालाच सुचू शकतं.

2009 मध्ये अँड्रॉइड 1.6 बरोबर पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक आलं. त्याच वर्षी आयफोन 3जीएसमध्ये तसंच व्हॉइसओव्हर आलं: बोटाखाली जे येईल ते ऐकायचं, हवं ते दोनदा टकटक करून उघडायचं. 2011 पासून अँड्रॉइडही बोट फिरेल तसं बोलू लागलं. हे सगळं येण्याआधी नोकियावर असं सॉफ्टवेअर वेगळे पैसे मोजून घ्यावं लागे. आता बहुतेक अँड्रॉइड फोनांत ते आधीपासूनच असतं, फुकट. आवाजाची दोन्ही बटणं काही सेकंद एकत्र दाबून ते सुरू करता येतं, हे घराघरात माहीत व्हायला हवं.

फोन आता नोटाही ओळखून देतो: अंधांसाठी रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2020 रोजी ‘मनी’ हे अ‍ॅप आणलं. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की ते तिची किंमत बोलून सांगतं, इंटरनेट नसलं तरी. नोट खरी की खोटी, हे मात्र ते सांगत नाही.