टमाट्याचा पास्ता सॉस : कमी खर्चात, सगळ्या घरासाठी

मुलं पास्ता मागतात, पण बाटलीतला सॉस महाग पडतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात चिखली, मेहकर, खामगावचा आठवडी बाजार संध्याकाळी उठायला लागला की नरम टमाटे स्वस्तात मिळतात. सॉसला तेच बरे. फक्त सडलेले घेऊ नका.

साहित्य (५-६ जणांसाठी): टमाटे १ किलो, कांदे २, लसूण ८-१० पाकळ्या, तेल ३ चमचे, तिखट, मीठ, चिमूटभर साखर, पास्ता ५०० ग्रॅम.

कृती: टमाटे उकळत्या पाण्यात २ मिनिटं ठेवून साल काढा, चिरा. तेलात कांदा-लसूण परता. बाकी सगळं घालून मंद आचेवर अर्धा तास आटवा. उकडलेला पास्ता आणि त्याचंच अर्धी वाटी पाणी मिसळा.

चीज घेताना पाकिटावर हिरवा ठिपका पाहा. त्यात दूध जमवायला जनावराचा अंश वापरलेला नसतो.