वर्गणीतले खेळ आणि मालिकांचे अर्थकारण

दरमहा ठरावीक वर्गणी भरायची आणि शेकडो व्हिडिओ गेम हवा तेवढा वेळ खेळायचे, ही सोय आता नवी राहिलेली नाही. मायक्रोसॉफ्टची गेम पास ही सेवा जून २०१७ मध्ये सुरू झाली. सोनीने २०२२ मध्ये आपल्या प्लेस्टेशन प्लस सेवेची अशाच धर्तीवर फेररचना केली. ईए प्ले, युबिसॉफ्ट प्लस, अ‍ॅपल आर्केड या सेवाही याच वर्गातील. ग्राहकाच्या दृष्टीने हा व्यवहार स्वस्ताईचा आहे यात शंका नाही. मात्र गेम तयार करणाऱ्याच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे. गेमची मालिका उभी राहते ती पहिला भाग विकत घेऊन दुसऱ्याची वाट पाहणाऱ्या ग्राहकांच्या जिवावर. विकत घेण्याची गरजच संपली, तर दुसऱ्या भागाचा खर्च कोणी उचलायचा?

मराठी वाचकाला हा प्रश्न अगदीच अपरिचित नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांच्या रहस्यकथा घरोघरी वाचल्या गेल्या त्या बहुतांशी वाचनालयांतून. दिवाळी अंकांचेही तेच. एका वर्गणीत हंगामभर अंक फिरवून वाचणारी कुटुंबे विकत घेणाऱ्यांपेक्षा नेहमीच जास्त असत. तरीही तेथे वाचनालय प्रत विकत घेत असे, आणि वाचनालये अनेक असल्याने प्रतीही अनेक खपत. व्हिडिओ गेमच्या वर्गणीसेवेत वाचनालय म्हणण्यासारखे दोन-तीनच आहेत आणि त्यांतील प्रत्येकाचे वर्गणीदार कोटींच्या घरात. गेम पासचे वर्गणीदार ३ कोटी ४० लाख असल्याचे मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले होते. इतक्या ग्राहकांच्या वतीने एकच खरेदीदार भाव ठरवतो, हा या व्यवहारातील मुख्य फरक होय.

पुण्याची 'राजी'

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या विषयाचे सर्वांत जवळचे उदाहरण पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेचे. 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा तिचा पहिला गेम. भावाच्या शोधात निघालेली राजी ही मुलगी, दुर्गा व विष्णू यांनी दिलेली शस्त्रे, राजस्थानी वास्तुशैलीचे महाल आणि पहाडी चित्रशैलीची पार्श्वभूमी असे त्याचे स्वरूप. २०१७ मध्ये लोकांकडून निधी उभारण्याचा या चमूचा प्रयत्न फसला. पुढे प्रकाशक मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये गेम प्रथम निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये संगणक, प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर आला. त्याच वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्‌स'मध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. भारतीय गेमच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो.

जुलै २०२१ मध्ये 'राजी' गेम पासमध्ये दाखल झाली. म्हणजे एक्सबॉक्सवरील विक्रीला सुमारे नऊ महिने मिळाल्यानंतर. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मराठी चित्रपटाचा निर्माता आधी चित्रपटगृहातला गल्ला पाहतो आणि मगच दूरचित्रवाणीचे हक्क विकतो, तसाच हा प्रकार. ज्यांना गेम विकत घ्यायचाच होता त्यांनी तो तोवर घेतलेला असतो. उरलेल्यांपर्यंत तो वर्गणीतून पोहोचतो आणि संस्थेच्या हाती एक निश्चित रक्कम पडते. २०२२ मध्ये हिंदी संवादांसह सुधारित आवृत्तीही आली.

'राजी'सारख्या गेमचा एक अंगभूत तोटा मात्र येथे आड येतो. हा गेम चार-पाच तासांत संपतो. त्यात नाणी, पोशाख, शस्त्रे अशी काही वेगळी खरेदी नाही. वर्गणीदार तो एका रविवारी पुरा करून दुसऱ्याकडे वळतो. त्याच्या स्मरणात राजी राहते, पण त्या स्मरणाची किंमत वसूल करण्याचे एकच साधन संस्थेकडे असते, ते म्हणजे पुढचा भाग. तो तयार करायचा तर पुन्हा काही वर्षांचे पगार, जागेचे भाडे आणि प्रकाशकाची संमती हवी.

करार कसे होतात

वर्गणीसेवेत गेम देणाऱ्याला मिळणारा मोबदला सर्वत्र सारखा नसतो. काही करारांत संपूर्ण निर्मितीखर्च सेवाच उचलते. काही ठिकाणी ठरावीक मुदतीसाठी एकरकमी परवानाशुल्क मिळते. काहींमध्ये गेम किती जणांनी व किती वेळ खेळला यावर रक्कम ठरते. हे करार गुप्त असतात आणि मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यांनीही त्यांचे प्रकार निरनिराळे असल्याचे मुलाखतींतून सांगितले आहे. यांतील एकरकमी शुल्क छोट्या संस्थेला सर्वांत मोहक वाटते, कारण गेम पडला तरी पैसे बुडत नाहीत. गेम अफाट गाजला तर मात्र जादा लाभ सेवेच्या पदरात जातो.

विक्रीवरील परिणामाबाबत बराच काळ परस्परविरोधी दावे होत होते. सेवेतून गेमची ओळख वाढते आणि त्यामुळे अन्यत्र विक्रीही वाढते, असे मायक्रोसॉफ्टचे सांगणे असे. काही छोट्या गेमच्या बाबतीत ते खरेही ठरले. पुढे अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीच्या खरेदीचे प्रकरण ब्रिटनच्या स्पर्धा नियामकापुढे गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्राथमिक निष्कर्षांतून उघड झाले, की मायक्रोसॉफ्टच्याच अंतर्गत विश्लेषणानुसार गेम पासमध्ये दाखल झाल्यानंतरच्या बारा महिन्यांत मूळ गेमची विक्री घटते. नियामकासमोर ठेवलेली आकडेवारी जाहिरातीतील दाव्यापेक्षा अधिक विश्वासार्ह मानावी लागते.

खेळाडू मोजायचे की खरेदीदार?

वर्गणीसेवा आल्यापासून कंपन्यांच्या घोषणांची भाषाच बदलली. पूर्वी 'इतक्या लाख प्रती विकल्या' असे सांगत, आता 'इतक्या लाख खेळाडूंनी खेळला' असे सांगतात. या दोन आकड्यांत केवढे अंतर असू शकते याचे बोलके उदाहरण 'आउटरायडर्स'चे. पोलंडच्या पीपल कॅन फ्लाय या संस्थेचा हा गेम एप्रिल २०२१ मध्ये पहिल्याच दिवशी गेम पासमध्ये आला. पहिल्या महिन्यातच ३५ लाख खेळाडू झाल्याचे प्रकाशक स्क्वेअर एनिक्सने सांगितले आणि एका मोठ्या मालिकेची ही सुरुवात असल्याची आशाही व्यक्त केली. जूनअखेरपर्यंत निर्मात्यांना स्वामित्वशुल्काचा एक पैसाही मिळाला नव्हता, कारण प्रकाशकाचा खर्चच वसूल झालेला नव्हता.

त्याहून चटका लावणारी कथा 'हाय-फाय रश'ची. जपानमधील टँगो गेमवर्क्‌स या संस्थेचा हा गेम जानेवारी २०२३ मध्ये कोणतीही पूर्वसूचना न देता गेम पासमध्ये अवतरला. समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले, खेळाडूंची संख्या ३० लाखांवर गेली. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही संस्थाच बंद करण्याचे जाहीर केले. ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टॉन कंपनीने 'हाय-फाय रश'चे हक्क घेतले व त्या चमूला आसरा दिला. एरवी अशा स्वागतानंतर दुसऱ्या भागाची घोषणा अपेक्षित असते.

उलट बाजूही आहे. फ्रान्समधील सँडफॉल इंटरॅक्टिव्हचा 'क्लेअर ऑब्स्क्यूर : एक्स्पिडिशन ३३' एप्रिल २०२५ मध्ये पहिल्या दिवसापासून गेम पासमध्ये होता आणि तरीही तीन दिवसांत त्याच्या १० लाख प्रती विकल्या गेल्या. गेम प्लेस्टेशनवर व संगणकावरही उपलब्ध होता आणि वर्गणीदारांनी केलेली तोंडी प्रसिद्धी तेथील खरेदीदारांपर्यंत पोहोचली. म्हणजे वर्गणीसेवा हे अनेक दुकानांपैकी एक असेल तर ती मालिकेला हात देते. ते एकमेव दुकान असले की परिस्थिती बदलते.

प्रस्थापित मालिकांचा हिशेब निराळा आहे. 'कॉल ऑफ ड्युटी'चा 'ब्लॅक ऑप्स ६' हा भाग ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रदर्शनाच्या दिवशीच गेम पासमध्ये देण्यात आला. त्या दिवशी वर्गणीदारांची विक्रमी भर पडली व प्लेस्टेशन आणि स्टीमवरील विक्रीही आदल्या वर्षीपेक्षा ६० टक्क्यांहून अधिक वाढल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले. पुढील वर्षी ब्लूमबर्गने मात्र या निर्णयामुळे कंपनीला ३० कोटी डॉलरहून अधिक विक्रीवर पाणी सोडावे लागल्याचे वृत्त दिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये गेम पासच्या सर्वांत वरच्या श्रेणीची अमेरिकेतील वर्गणी २० डॉलरवरून ३० डॉलर झाली. भारतातही वाढ झाली. बुडालेली विक्री अखेर वर्गणीदाराच्याच खिशातून भरून काढली जाते, असा याचा अर्थ लावल्यास तो चुकीचा ठरू नये.

या बाबतीत सर्वांत सावध धोरण ईए आणि टेक-टू यांचे दिसते. फुटबॉल मालिकेचा नवा भाग ईए प्लेच्या साध्या वर्गणीत दहा तासांपुरता चाखायला मिळतो. पूर्ण गेम हवा तर विकत घ्यावा लागतो आणि काही महिन्यांनी, हंगाम ओसरल्यावर, तो वर्गणीत येतो. 'ग्रँड थेफ्ट ऑटो'ची मालक असलेली टेक-टू जुने भाग सेवांना देते, नवा भाग पहिल्या दिवशी देण्यास तिचे प्रमुख स्ट्रॉस झेल्निक यांचा विरोध आहे. जुना भाग वर्गणीत टाकला की नव्या पिढीला पात्रांची ओळख होते व नव्या भागासाठी गिऱ्हाईक तयार होते.

भारतातील वाट

आपल्याकडे वर्गणीचा प्रयोग नवा नाही. मुंबईच्या इंडियागेम्सने दोन हजारच्या दशकातच ब्रॉडबँड ग्राहकांना वर्गणीवर गेम पुरवले होते. मुंबईच्याच नझाराचा सुरुवातीचा मोठा व्यवसाय मोबाइल कंपन्यांमार्फत चालणाऱ्या वर्गणीचा होता. शिलकीतून रक्कम वळती होई आणि तिचा मोठा वाटा मोबाइल कंपनी ठेवून घेई. ग्राहकाच्या नकळत सेवा सुरू होण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जुलै २०१३ मध्ये मूल्यवर्धित सेवांसाठी ग्राहकाची दुहेरी संमती सक्तीची केली. या सगळ्यातून स्वतःच्या नावाने ओळखली जाणारी मोठी गेममालिका घडल्याचे दिसत नाही. 'छोटा भीम'सारखी तेथे चाललेली पात्रे दूरचित्रवाणीवर आधीच गाजलेली होती.

नुसत्या लोकप्रियतेवर मालिका चालत नाही, हे भारतीय खेळाडूने 'क्रिकेट ०७'च्या रूपाने पाहिलेच आहे. २००६ च्या अखेरीस आलेला ईएचा हा गेम सायबर कॅफेत व घरोघरच्या संगणकांवर वर्षानुवर्षे चालला, तोही बहुतांशी चोरट्या सीडींवरून. ईएने त्यानंतर संगणकासाठी क्रिकेटचा पुढचा भाग आणला नाही. चोरटी प्रत हेच एकमेव कारण होते असे नव्हे. पण लाखो खेळाडू असूनही हिशेबाच्या वहीत खरेदीदार थोडे, ही स्थिती तेव्हाही होतीच.

त्या रिकाम्या जागेत पुण्याचीच दुसरी मालिका रुजली. नॉटिलस मोबाइलची 'रिअल क्रिकेट' ना विक्रीवर चालते ना वर्गणीवर. गेम फुकट आणि आतील खरेदी व जाहिराती यांतून उत्पन्न, हा तिचा मार्ग. २०, २२, २४ असे भाग निघत गेले आणि २०२५ मध्ये क्राफ्टॉनने या संस्थेचा ताबा घेतला. क्रिकेटचा सामना रोज नव्याने खेळता येतो. राजीची कथा एकदाच सांगता येते. फुकटचा मार्ग म्हणूनच कथाप्रधान गेमला फारसा उपयोगी नाही, आणि अशा गेमना वर्गणीसेवेचे शुल्क अधिक गरजेचे वाटते.

अशा कथांना महाराष्ट्रात तोटा नाही. पालघर जिल्ह्यातील जव्हारजवळचे शिरपामाळ घ्या. जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर चालून जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम येथे पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचे स्वागत करून शिरपेच अर्पण केला आणि त्यावरूनच या माळाला नाव पडले, असे सांगतात. घाटवाटा, आदिवासी राज्य, पुढे सुरतेची मोहीम, इतका ऐवज एका मालिकेच्या तीन भागांना पुरेल. पण त्याचा निर्माता पहिल्या भागाला वर्गणीसेवेचे शुल्क घेईल की विक्रीची जोखीम पत्करेल, यावर दुसऱ्या भागाचे अस्तित्व अवलंबून राहील.

आणि तो गेम जव्हार-मोखाड्यात कसा खेळला जाईल हाही प्रश्न आहेच. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात क्लाउड गेमिंग सुरू केले. त्यात महागड्या यंत्राची गरज नसते, गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि चित्र तेवढे पडद्यावर येते. त्यासाठी अखंड व वेगवान इंटरनेट लागते. डोंगराळ पाड्यांत, जेथे संपर्कासाठी माळावर जागा शोधावी लागते, तेथे एकदाच उतरवून घेता येणारा मोबाइल गेमच चालतो. 'रिअल क्रिकेट' त्या वर्गातला आहे, गेम पासवरची 'राजी' नाही.