घरातली हवासुद्धा जात विचारून आली : कौलाच्या बंदीपासून घरकुलाच्या स्लॅबपर्यंत

मे महिन्यात दुपारी दोन वाजता दुसरबीडच्या आमच्या वस्तीत या. घरात कोणी सापडणार नाही. म्हातारी माणसे लिंबाखाली, बाया कुठल्यातरी भिंतीच्या सावलीला आणि स्पर्धा परीक्षेची पोरे पुस्तके घेऊन विहारात. पत्र्याचे घर असो की घरकुलाचा स्लॅब, दुपारी आत बसवत नाही. रात्री स्लॅब दिवसभराची धग खाली सोडतो, म्हणून झोपायचे अंगणात. मग घर बांधले कशाला, असा प्रश्न पडतो. हे बोलून दाखवले की गावात एक ठरलेले उत्तर मिळते : "ऊन काय जात पाहून लागते का?"

नाही लागत. पण छप्पर जात पाहून मिळाले, आणि त्याचा इतिहास आहे. पाण्याच्या हक्काचा इतिहास आपल्याला पाठ आहे. महाड म्हटले की शाळेतले पोरही १९२७ सांगते. घरातल्या हवेचा आणि उजेडाचा इतिहास मात्र आपल्याच सभांमध्ये कोणी सांगत नाही. आम्हीही इतकी वर्षे सांगितला नाही, ही कबुली आधी देतो.

बाबासाहेबांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या आणि पुढे शासनाच्या खंडांमधून छापल्या गेलेल्या लेखनात गावगाड्याच्या अलिखित कायद्याची एक यादी आहे. अस्पृश्याने काय केले तर तो गुन्हा ठरतो, याची. जमीन-जनावरे बाळगणे गुन्हा, स्वच्छ कपडे घालणे गुन्हा, आणि त्याच यादीत कौलारू छपराचे घर बांधणे हाही गुन्हा. वस्ती कुठे असावी तेही ठरलेले : गावाबाहेर आणि दक्षिणेला, कारण दक्षिण दिशा अशुभ. ही यादी आपण अपमानाची यादी म्हणून वाचतो. ती बरोबरच आहे. पण कौलाची ओळ जरा थांबून वाचा. कौलांच्या फटींतून गरम हवा आणि चुलीचा धूर वर निघून जातो, पावसाचे पाणी आत येत नाही, आणि गवती छपरासारखी आग लागत नाही. म्हणजे बंदी नुसत्या प्रतिष्ठेवर नव्हती. कोणाच्या घरात श्वास मोकळा चालावा आणि कोणाच्या घरात धूर कोंडावा, हेही त्या बंदीने ठरवले.

आमच्या बुलडाण्याकडे पाटला-देशमुखांची जुनी घरे धाब्याची. दोन-दोन फूट जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे, त्यावर मातीचा जाड थर. बाहेर लाही लाही होत असताना आत गारवा. हे ज्ञान गावात होते. माती कालवणारे आणि भिंती चढवणारे हातही अनेकदा आपलेच होते. आपल्या वाट्याला कुडाची भिंत आणि पऱ्हाटी-कडब्याचे छप्पर आले. नंतर हातात थोडा पैसा आला तेव्हा पत्रे आले. पत्रा आला तेव्हा आपल्याला आनंद झाला, कारण दरवर्षी छप्पर शाकारायची आणि गळक्या घरात रात्र काढायची कटकट गेली. तो आनंद खोटा नव्हता. पण पत्र्याने पाऊस अडवला आणि ऊन घरात आणले.

गाव सोडून जे शहरात गेले त्यांचे काय झाले? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, मांडवीपासून. इंग्रज सरकार घाबरले, कारण माणसांबरोबर बंदराचा व्यापारही मरत होता. १८९८ मध्ये मुंबई सुधार ट्रस्टचा कायदा झाला. कोंदट वस्तीत समुद्राचा वारा शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते आखले गेले. त्यासाठी दाट वस्त्या पाडल्या, आणि पाडलेल्या खोल्यांच्या मानाने बांधलेल्या खोल्या बराच काळ कमीच राहिल्या. वारा आला, पण ज्यांच्या नावाने आणला ती माणसे आणखी दाटीत ढकलली गेली. हे वाक्य आजच्या पुनर्विकासाला लागू पडते की नाही ते वाचकांनी ठरवावे.

त्याच ट्रस्टमधल्या ऑर नावाच्या अधिकाऱ्याने १९१२ मध्ये मुंबईतल्या घरांमधल्या उजेड आणि हवेवर एक व्याख्यान दिले. त्याचा आग्रह साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा होता. सोप्या भाषेत, समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी, तरच खालच्या खोलीला आकाश दिसते. वीस फूट उंच इमारत असेल तर दहा फूट मोकळी जागा.

आता याच शहरात एक पोरगा कसा शिकला ते आठवा. सुभेदार रामजी मुंबईला आले ते परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत. तीच खोली स्वयंपाकाची, झोपायची, अभ्यासाची. सगळ्यांना एकाच वेळी आडवे होता येत नव्हते, म्हणून बाप दोन वाजेपर्यंत जागा राहायचा, मग भीमाला उठवून त्याच्या जागेवर झोपायचा. भीम काच नसलेल्या रॉकेलच्या दिव्यावर पहाटेपर्यंत वाचायचा. ही गोष्ट आपण बापाच्या त्यागाची म्हणून सांगतो. ती तशी आहेच. पण ती जागेचीही गोष्ट आहे. दोन माणसांना एकच झोपण्याची जागा पाळीने वापरावी लागत होती, आणि उघड्या ज्योतीचा धूर अभ्यास करणाऱ्याच्या छातीत जात होता.

पुढे बॅरिस्टर, प्राध्यापक, आमदार झाल्यावरही बाबासाहेब बरीच वर्षे परळच्या बीआयटी चाळीतच राहिले. बीआयटी म्हणजे तोच सुधार ट्रस्ट. घर अपुरे, म्हणून लिहिणे-वाचणे आणि कार्यालय दामोदर हॉलमध्ये. १९३०च्या दशकात दादरला राजगृह उभे राहिले, ते मुख्यतः पुस्तकांसाठी. त्यावर टीका करणारे तेव्हाही होते, आजही आहेत. चाळीच्या एका खोलीत पाळीने झोपलेल्या माणसाने उजेडाचे वाचनालय बांधले, यात चैन शोधणाऱ्यांशी आम्ही वाद घालत नाही.

गिरण्यांकडे वळू. विदर्भातल्या वाचकांना नागपूरची एम्प्रेस मिल माहीत आहे, १८७७ची. आपल्याकडची हवा कोरडी, आणि कोरड्या हवेत सूत तुटते. म्हणून टाटांनी तिथे हवा दमट ठेवणारी यंत्रे बसवली, आणि देशात हे लवकर करणाऱ्या गिरण्यांत तिचे नाव घेतले जाते. दमट हवा सुताला हवी होती. त्या उकाड्यात दिवसभर उभ्या असलेल्या माणसाला ती हवी आहे का, हे कोणी विचारले? मुंबईत तर विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेशच नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने विटाळ होतो, हे कारण. पगार जास्त त्या खात्याचे दार बंद. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कामगार एकजुटीचे पाठ देणाऱ्या पुढाऱ्यांना तो अडचणीचा वाटला.

जुलै १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. १९४४ मध्ये त्यांच्या खात्याने रेगे समिती नेमली. मजुरीबरोबर मजुरांच्या घरांचीही पाहणी तिने केली. १९४६ मध्ये कारखान्यांत ४८ तासांचा आठवडा आला. मग १९४८चा कारखाने कायदा. इथे आपल्या काही लेखांतली एक चूक दुरुस्त करू. हा कायदा मंजूर झाला तेव्हा मजूर मंत्री बाबू जगजीवनराम होते, आणि हवेबद्दलच्या काही तरतुदी १९३४च्या कायद्यातही होत्या. बाबासाहेबांच्या चार वर्षांच्या कामाने जमीन तयार केली, एवढे म्हणणे खरे आहे आणि पुरेसे आहे. खोट्या श्रेयाची त्यांना गरज नाही.

त्या कायद्यात कलम १३ हवा आणि तापमानाचे, १४ धूळ-धुराचे, १५ कृत्रिम दमटपणाचे, १६ गर्दीचे, १७ उजेडाचे. गर्दीच्या कलमात थेट आकडा होता : नव्या कारखान्यात प्रत्येक कामगारामागे ५०० घनफूट जागा.

हा आकडा घेऊन आपल्या घरकुलात या. ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये. छताची उंची नऊ फूट धरली तर सगळे मिळून सुमारे २४०० घनफूट. घरात सहा माणसे असली तर माणशी ४०० घनफूट, तेही चूल, खाट, धान्याची कोठी, कपाट सगळे त्यात धरून. कारखाना आणि घर यांची तुलना तंतोतंत होत नाही, हे आम्हाला कळते. तरी आठ तास काम करणाऱ्या माणसासाठी कायद्याने जी हवा मोजली, ती आयुष्यभर राहणाऱ्या बाईसाठी कोणी मोजत नाही. आणि बाई म्हणण्याचे कारण आहे. उज्ज्वला योजना २०१६ला आली, सिलेंडर घरोघर आले. तो संपला की पुन्हा पऱ्हाटीची चूल पेटते. गॅसवर स्वयंपाक होईल म्हणून कागदावर धूर गेला, म्हणून धुराड्याची जागा कोणी ठेवत नाही.

राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की कोरड्या उष्ण भागात खोलीच्या जमिनीच्या किमान एक दशांश एवढी उघडी खिडकी हवी. आमच्याकडची अनेक घरकुले तीन बाजूंनी बंद आहेत, कारण शेजारचे घर भिंतीला भिंत लावून. वस्तीला जागाच तेवढी सोडलेली, गावकुसाबाहेरची ती जुनी पट्टी.

शहरात हीच गोष्ट उंच झाली. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड, गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत सात-आठ मजली इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर. ऑरच्या नियमाने दहा मीटर तरी हवे होते. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने तिथे पाहणी केली तेव्हा ऊन-वारा न पोहोचणारी घरे आणि क्षयरोग यांचा संबंध पुढे आला. १९१२ मध्ये वसाहतवादी अधिकाऱ्याला जे कळले होते ते एकविसाव्या शतकातल्या लोकशाही सरकारने फाइलीत बदलून टाकले.

हे पाश्चात्त्य लाड आहेत असे म्हणणाऱ्यांनी चुल्लवग्ग उघडावे. विनयपिटकात निवासस्थानाचा एक अख्खा खंड आहे आणि त्यात भिक्खूंच्या विहाराला तीन प्रकारच्या खिडक्यांची परवानगी आहे. पालीत खिडकीला शब्दच 'वातपान', नावातच वारा. आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे अजिंठा आहे, डोंगराच्या पोटातले ते विहार भर उन्हाळ्यात एकदा जाऊन पाहा.

घरकुलाचे हप्ते फोटोवर निघतात : पाया, लिंटेल, छत. खिडकीचा फोटो कोणी मागत नाही. म्हणून ग्रामसभेसाठी आम्ही अर्ज तयार केला आहे. समोरासमोर दोन खिडक्या, चुलीवर धुराडे, स्लॅबवर दरवर्षी चुन्याचा पांढरा हात आणि दारापुढे पडवीपुरती जागा. सध्या वस्तीत दोन घरकुलांचे पाये भरून झाले आहेत. भिंती लिंटेलपर्यंत चढायच्या आत मिस्त्रीला खिडकीची जागा खडूने आखून द्यायची आहे.