गप्पी: ॲक्वेरियममधला मासा आपल्या गटारात कसा आला?

आजचा विषय आपल्या गल्लीतलाच आहे. पावसाळा लागला की जळगाव असो नाहीतर धुळे, आरोग्य कर्मचारी दारावर येतात. टाकीत टॉर्च मारून डासांच्या अळ्या शोधतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात, आणि साचलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडा असंही सांगतात. नाव ऐकून वाटतं, 'गप्पा'वरनं आलं असेल, अस्सल मराठी. तसं अजिबात नाही.

गप्पी हे एका माणसाचं आडनाव आहे. रॉबर्ट जॉन लेकमेअर गप्पी हे कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावर राहणारे निसर्ग अभ्यासक. तिथले हे बारके मासे त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले. १८६६ मध्ये अल्बर्ट गुंथर यांनी माशाला त्यांचं नाव देऊन टाकलं. पण विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ मध्येच व्हेनेझुएलातल्या नमुन्यांवरनं हाच मासा नोंदवला होता. त्यामुळे पुस्तकात पीटर्सचं नाव राहिलं, पोसिलिया रेटिक्युलाटा. लोकांच्या तोंडी मात्र गप्पीच बसला.

मग हा भारतात कशाला आला? तर डासांमुळे. ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना ॲनाफिलीस डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. शत्रू कोण ते कळलं, आता हत्यार हवं होतं. डासाची अळी श्वास घ्यायला पाण्याच्या वरच्या थराला येते आणि गप्पीचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं. म्हणजे अळी त्याच्या ताटातच वाढलेली! सरकारी नोंदींप्रमाणे १९१० च्या सुमारास गप्पी भारतात आणला गेला. त्याचा नातेवाईक गॅम्बुसिया १९२८ मध्ये इटलीहून आला. तोही मूळचा अमेरिकेतला.

पुढे डीडीटी आलं आणि मासे मागे पडले. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साधारण साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा असा अंदाज होता. १९६५ पर्यंत हा आकडा लाखाच्या आसपास आला. वाटलं, जिंकलो. पण डासांनी डीडीटी पचवायला सुरुवात केली, यंत्रणाही सैलावली, आणि १९७६ मध्ये रुग्ण ६४ लाखांच्या वर गेले. मग सगळ्यांना परत मासा आठवला. १९८३ मध्ये शेजारच्या गुजरातेत, खेडा जिल्ह्यातल्या नडियाद तालुक्यात, फवारणीवर विसंबून न राहता डास आवरायचा मोठा प्रयोग सुरू झाला. खड्डे बुजवणं, पाणी वाहतं करणं आणि सोबत गप्पी.

आता खान्देशात या. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, मधे काही दिवस जातात. म्हणून प्रत्येक घरात ड्रम, टाकी, हौद भरलेला असतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला नेमकं हेच साठवलेलं स्वच्छ पाणी आवडतं. म्हणजे पाणीटंचाईचा आजार आपण माशाकडून बरा करून घेतोय! टाकीवर घट्ट झाकण आणि नळाला वेळेवर पाणी, हे खरे उपाय. मासा हा जुगाड.

आणि जुगाडाची किंमत असते. गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, साधारण दर महिन्याला. नराचं बीज ती कित्येक महिने शरीरात साठवून ठेवते. त्रिनिदादच्या गप्पींवर झालेल्या एका प्रयोगात प्रत्येक टाकीत एकेकच मादी सोडली होती. बहुतेक टाक्यांत तिचा गोतावळा टिकून राहिला. वर हा मासा घाण पाण्यातही तग धरतो. आज साठाहून जास्त परक्या देशांत तो रुजलाय. आमच्या भाषेत सांगायचं तर हा असा कोड आहे, जो एकदा प्रॉडक्शनला गेला की रोलबॅक होत नाही.

टाकीतला गप्पी टाकीतच राहतो, तिथे फारसा प्रश्न नाही. प्रश्न येतो गटारात, तळ्यात सोडल्यावर. धुळ्यातलं पाणी नाल्यातनं पांझरेला, पांझरेतनं तापीला जातं. पावसाच्या लोंढ्यात मासाही निघाला तर पुढे देशी माशांची अंडी, पिल्लं आणि खाणं या सगळ्यात तो वाटेकरी. गॅम्बुसियाने हे जगभर करून दाखवलंय, जगातल्या सर्वात उपद्रवी १०० परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. आणि अळ्या खाणारे मासे आपल्याकडे नव्हतेच असंही नाही. डोक्यावर चांदीसारखा ठिपका असलेला आप्लोकायलस हा देशी मासा पाण्याच्या वरच्या थरातच राहतो आणि अळ्या खातो. पण त्याची आठवण कुणाला राहिली?

हाच गप्पी रंगीत शेपटी लावून ॲक्वेरियमच्या दुकानात पैसे देऊन मिळतो. सरकारी केंद्रातला साधा, करडा. जात एकच.

म्हणून एवढंच करा. गप्पी हवा असेल तर घरच्या हौदात, बंद टाकीत ठेवा. ॲक्वेरियमचा कंटाळा आला तर मासे दुकानदाराला परत द्या, नाहीतर मित्राला द्या. मेहरूण तलावात किंवा गिरणेत 'मोकळं' करू नका. तुम्हाला वाटेल जीव वाचवला, पण नदीतल्या दुसऱ्या जिवांना त्याचा हिशोब द्यावा लागतो. आणि ड्रमचं झाकण? ते आजच लावा. भेटू पुढच्या भागात!