मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे आवृत्तिचक्र : ठरलेल्या तारखेचे महत्त्व

एखाद्या सॉफ्टवेअरची एक स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झाल्यापासून पुढील स्थिर आवृत्ती येईपर्यंतच्या कालावधीस आवृत्तिचक्र म्हणतात. व्यावसायिक कंपनीत हा कालावधी व्यवस्थापन ठरवते. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या मुक्तस्रोत प्रकल्पांत मात्र कोणावरही कामाची सक्ती करता येत नाही; जो तो आपल्या सवडीने काम करतो. त्यामुळे चक्र किती लांब असावे, हा प्रश्न जितका तांत्रिक, तितकाच संघटनेचा ठरतो.

‘डेबियन’चा अनुभव

लिनक्सवर आधारित ‘डेबियन’ प्रकल्प इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केला. सर्व काम मनासारखे झाले की मगच आवृत्ती काढायची, अशी तेथील जुनी रीत. ३.० ‘वुडी’ ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली; ३.१ ‘सार्ज’साठी मात्र जून २००५ पर्यंत थांबावे लागले. दरम्यान पॅकेजांची संख्या सुमारे साडेआठ हजारांवरून पंधरा हजारांपलीकडे गेली. नवा इन्स्टॉलर लिहिला जात होता आणि सारे काही अकरा प्रकारच्या संगणक-रचनांवर चालणे आवश्यक होते.

विलंबाचे दुष्टचक्र

पुढील आवृत्ती केव्हा येईल याची खात्री नसली, की प्रत्येक विकासक आपले नवे काम चालू आवृत्तीतच बसवू पाहतो. त्यातून नव्या त्रुटी उद्भवतात आणि आवृत्ती आणखी लांबते. इकडे वापरकर्त्यांच्या हाती जुनेच सॉफ्टवेअर राहते. याच सुमारास, ऑक्टोबर २००४ मध्ये, डेबियनच्याच पायावर उभी असलेली ‘उबुंटू’ अवतरली आणि तिने दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देण्याचा क्रम ठेवला.

कालबद्ध पद्धत

‘ग्नोम’ या प्रकल्पाने सहामाही चक्र त्यापूर्वीच स्वीकारले होते. या पद्धतीत तारीख पक्की असते, त्या आवृत्तीत काय समाविष्ट होईल ते लवचिक असते. जे काम वेळेत पूर्ण झाले नाही, ते पुढील गाडीने जाते. ठरावीक दिवसानंतर नवे बदल थांबवून केवळ त्रुटी दुरुस्त केल्या जातात. यास ‘फ्रीझ’ म्हणतात. पडद्यावरील मजकूरही गोठवला जात असल्याने मराठीसारख्या भाषांच्या अनुवादकांना निश्चित अवधी मिळतो. मार्टिन मिख्लमायर यांनी केंब्रिज विद्यापीठातील २००७ च्या प्रबंधात स्वयंसेवी प्रकल्पांच्या आवृत्ती-व्यवस्थापनाचा अभ्यास करताना याच पद्धतीचा सविस्तर विचार केला आहे.

लांबी किती असावी?

चक्र फार आखूड असल्यास चाचणीस वेळ अपुरा पडतो आणि अनेक आवृत्त्यांची देखभाल स्वयंसेवकांवर येऊन पडते. फार लांब असल्यास उत्साह ओसरतो. डेबियनने २००९ मध्ये दोन वर्षांच्या अंतराने फ्रीझ करण्याचे ठरवले. प्रकाशनाचा नेमका दिवस तेथे आजही गुणवत्ता पाहूनच ठरतो. तरीही २००५ पासून २०२५ पर्यंतच्या तिच्या सर्व मुख्य आवृत्त्या विषम वर्षांतच आल्या आहेत.

वापरकर्त्याने काय पाहावे?

शाळा, ग्रंथालय वा कार्यालयासाठी प्रणाली निवडताना नवेपणापेक्षा सुरक्षा-दुरुस्त्या किती काळ मिळतील, हे आधी तपासावे. उबुंटूच्या सहामाही आवृत्तीस नऊ महिने, तर दर दोन वर्षांनी येणाऱ्या दीर्घकालीन आवृत्तीस पाच वर्षे आधार मिळतो. डेबियनमध्ये हा काळ तीन वर्षांचा असून दीर्घकालीन योजनेतून तो पाच वर्षांपर्यंत वाढतो.